डोळ्यांचे दगड

यंदा उन्हाळा लागायच्या आधीच आमच्या कॉलनीत टँकर सुरू झाला. असली कामं न सांगता माझ्याकडे येतात. नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहात गृहपाल म्हणून इतकी वर्षं काढली, त्यामुळे बादल्या, चाव्या, मुली आणि तक्रारी ओळीने लावायची हाताला सवयच झाली आहे. टँकर कुठे थांबेल, पाइप आधी कोणत्या बाजूला फिरेल, आजारी माणसांच्या घरी पाणी कोण पोचवेल, सगळं ठरवून मी फाटकावर कागद चिकटवला. तरी भांडण झालंच. नंबर धरायला ठेवलेली एक वीट कुणीतरी पायाने मागे सारली. जिची वीट होती ती तावातावाने बोलत होती. जिने सारली ती शांतपणे म्हणाली, "विटेवर काय नाव लिहिलंय का तुमचं?"

मी दोघींना गप्प केलं आणि वीट जागेवर ठेवली. पण मातीत त्या विटेचा ओरखडा उमटला होता, तो बघताना मला भलताच आवाज ऐकू यायला लागला. उघड्या माळावर उन्हात एकाच वेळी पडणाऱ्या खूप हातोड्यांचा.

तो उन्हाळा मला पांढराच आठवतो. आमच्या भागातली जमीन काळी, पण त्या वर्षी तिच्यावर कसली तरी राख बसल्यासारखी होती. बाभळींच्या सावल्यासुद्धा फिकट पडल्या होत्या. एसटीच्या सीटला मांडी टेकली की चटका बसायचा. निलंग्याच्या स्टँडवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ बंद होतं आणि त्याच्या चरकात चिमण्यांनी घरटं केलं होतं. लोक पावसाचं बोलतच नव्हते. बोलायचे ते टँकरचं.

आणि त्याच दिवसांत लातूर जिल्हा नवा झालेला. माझा मोठा भाऊ, दादा, नव्या कचेरीत कारकून म्हणून लागला होता. पाट्यांना अजून रंगाचा वास यायचा. दादाला त्या नवेपणाचं फार अप्रूप. शर्टाच्या खिशात पेन आणि दोन-तीन पोस्टकार्डं घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडायचा नाही. कुठे हातपंप बंद दिसला, कुठे पूल खचलेला दिसला की लगेच लिहायचा. लिहिलं की होतं, यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. मला वाटतं, तेव्हा आम्हा सगळ्यांचाच होता.

शाळेत असताना त्याच्या गुरुजींनी फळ्यावर एका देवळाचं चित्र काढलं होतं. हद्दीपलीकडे, कर्नाटकात, चालुक्यांच्या काळातलं. ताऱ्यासारखा कोनाकोनांचा पाया, वर काळ्या दगडातल्या नाचणाऱ्या बाया. पडकं आहे, पण बघण्यासारखं आहे, असं गुरुजी म्हणाले होते. त्याच गावात आमची आत्या दिलेली. तेव्हा दादाने ठरवलं की पाठीवर पिशव्या टाकून, अर्धं एसटीने आणि अर्धं पायी जायचं, देऊळ बघायचं, आत्याकडे मुक्काम करून परत यायचं. मी कॉलेजात होते. त्याने मला बरोबर घेतलं, कारण सामान मी भरते.

सामान मी खरंच नीट भरलं होतं. ज्वारीच्या भाकरी फडक्यात, शेंगदाण्याची चटणी, कांदे, मीठ-साखरेची पुडी, दोरी, बॅटरी आणि कॅनव्हासची पाण्याची पिशवी. दादाने सैनिकी सामानाच्या दुकानातून दोन खाकी पाठपिशव्या आणल्या होत्या. गावोगावी बाया आम्हाला थांबवून विचारायच्या, "लस टोचायला आलाव का?" एक म्हातारी तर माझ्या पाठीमागे जाऊन पिशवी चाचपून म्हणाली, "मला वाटलं लेकरू हाय."

निघताना आई मात्र नाराज होती. आमच्या घरात देव नाहीत. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे टाक ओढ्यात सोडले आणि मागे वळून बघितलं नाही. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, बस्स. आई चुलीपुढे बसून म्हणाली, "ज्या देवळांनी आपल्याला पायरी चढू दिली न्हाई, ती बघायला चाललाव व्हय? पैसे घालून?"

"देव बघायला नाही गं," दादा म्हणाला, "दगड बघायला."

आईने भाकरीच्या फडक्याला आणखी एक गाठ मारली.

औराद शहाजानीच्या पुढे आम्ही चालायला लागलो. हद्द म्हणजे एक ठेंगणा दगड, एका अंगाला मराठी अक्षरं, दुसऱ्या अंगाला कानडी. दादा त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभा राहिला आणि हसला. मी मात्र बाभळींकडे बघत होते. अलीकडच्या बाभळीला जितकी पानं होती तितकीच पलीकडच्या बाभळीला होती. मला वाटलं होतं, हद्द ओलांडली की काहीतरी बदलेल. काय, ते माहीत नव्हतं. विहिरीत पाणी दिसेल, असं बहुतेक.

मग हातोडे ऐकू आले. टण्‌, टण्‌. एकाचा नाही, अनेकांचा, पावसाळ्यात बेडूक ओरडतात तसा सगळीकडून. माळ चढून गेलो तर समोर देऊळ नव्हतंच. दगडांचा भलामोठा ढीग होता, आणि त्यावर डोक्याला पदर गुंडाळून बसलेल्या बाया खडी फोडत होत्या. दुष्काळी काम निघालं होतं. गावापर्यंत रस्ता करायचा होता, रस्त्याला खडी पाहिजे होती आणि खडीला दगड.

दादाने जवळच्या बाईला विचारलं, "मावशी, इथं देऊळ होतं ना? कुठंय?"

ती हातोडा न थांबवता म्हणाली, "हे काय, बसलोत की देवळावर."

मी दादाकडे बघितलं. इतका पांढरा पडलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याने वाकून पायाजवळचा एक तुकडा उचलला. अर्धं मनगट होतं. त्यात तीन बांगड्या कोरलेल्या, आणि मधल्या बांगडीवर इतकी बारीक वेलबुट्टी की सोनाराने केल्यासारखी. तो ते मनगट तळहातावर उलटसुलट करून बघत होता. एवढ्यात ढिगाच्या पलीकडून आवाज आला, "बापू? शोभे? आता ह्या उन्हात आलाव व्हय?"

आत्या होती. आमच्या घरी ती यायची तेव्हा हिरवं लुगडं, हातात खव्याची पुरचुंडी आणि तोंडात न थांबणारी बडबड असायची. समोर उभी होती तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. भुवयांवर दगडाची भुकटी बसून त्या पांढऱ्या झाल्या होत्या, एका उन्हाळ्यात म्हातारी झाल्यासारख्या. ती मात्र लाजली-बिजली काही नाही. हातोडा ठेवला, आमच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिच्या तळव्याने माझा गाल खरवडला.

"आत्या, हे काय करताय तुम्ही?" दादा ओरडलाच. "हजार वर्षांचं देऊळ आहे हे!"

"आसंल," आत्या म्हणाली. "आमच्या सासऱ्याच्या आधीच पडलेलं हाय. आन्‌ आमी काय समदं फोडत न्हाई. डोळ्याचा दगड फोडत न्हाई."

त्या कामावरचा तो नियम होता. कुणी घातला, कुणालाच सांगता येईना. पहिल्या दिवशी एका बाईच्या हातोड्याखाली तोंड आलं. ओठ, नाक, उघडे डोळे. तिचा वर गेलेला हात खाली येईना. तेव्हापासून ठरलं, हात असो, पाय असो, वेल असो, हत्ती असो, फोडायचा. पण ज्याला डोळे आहेत तो दगड बाजूला काढायचा. मुकादम आधी चिडला. मग तोही गप्प बसला. दगडाला उलटापालटा करून डोळे बघण्यात वेळ जायचा, पण कुणी बाई त्याशिवाय हातोडा मारत नव्हती. हत्तीला डोळे असतात की, मी म्हणाले. त्यावरून बायांत वाद सुरू झाला. एक म्हणाली हत्ती सोडावा, दुसरी म्हणाली मग रस्ता काय फुलांनी करावा का, आणि सगळ्या खिदळल्या.

"मग ते डोळ्याचे दगड ठेवलेत कुठं?" दादाने विचारलं.

"नंबरला," आत्या म्हणाली.

नंबरला म्हणजे काय ते आम्हाला गावाच्या तोंडाशी कळलं, आणि त्या दिवसाचा दुसरा धक्का बसला. वडाच्या पारापाशी टँकर यायचा. टँकर सकाळी येणार असला की बाया आदल्या दिवशीच आपली जागा धरून ठेवायच्या. रस्त्याच्या कडेने लांबच लांब ओळ होती. काही ठिकाणी फुटका डबा, काही ठिकाणी तुटकी चप्पल, साधे दगड. आणि मध्येच एक तोंड. कान लांबलेलं, ओठ मिटलेले, मुकुट फुटलेला. त्याच्यामागे घागर. पुढे आणखी एक, बाईचं, नाक नसलेलं, तरी हसणारं. मग आणखी. देवळाच्या भिंतीवरून उतरून सगळे पाण्याच्या रांगेत येऊन उभे राहिले होते, मानेपर्यंत मातीत.

दादा एकदम बोलत सुटला. ही चेष्टा आहे, ही वस्तुसंग्रहालयात ठेवायच्या योग्यतेची कामं आहेत, मी आजच्या आज लिहितो, आमच्या साहेबांची तिकडच्या साहेबांशी ओळख आहे, एका आठवड्यात गाडी येईल आणि हे सगळं नीट उचलून नेतील. त्याने खिशातून पोस्टकार्ड काढलंसुद्धा.

आत्या ऐकत होती. "तुमचा जिल्हा नवा झाला म्हणं," ती म्हणाली. "मग पाणी बी नवं आलं का?"

"आत्या, मी चेष्टा करत नाही."

"मी बी न्हाई. थांब जरा."

ती आम्हाला पाराच्या कडेला घेऊन बसली. थोड्या वेळाने गावातला एक माणूस डोक्यावर दोन डबे घेऊन आला. तालेवार घरचा गडी असावा. ओळीच्या शेपटाला गेला नाही, मधूनच चालत आला. एका साध्या दगडापाशी थांबला, त्याला पायाने मागे ढकललं, एक डबा तिथे ठेवला. तो दगड आत्याच्या शेजारणीचा होता. ती तिथेच उभी राहून बघत होती. दुसरा डबा घेऊन तो आणखी पुढे आला. पुढे ते नाक नसलेलं तोंड होतं. त्याने पाय उचलला. खाली बघितलं. पाय तसाच हवेत राहिला, मग हळूच मागे गेला. त्याने डबा त्या तोंडाच्या मागे ठेवला, छातीला हात लावला आणि निघून गेला.

"तो दगड माझा," आत्या म्हणाली.

मग तिने सांगितलं. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना दोर टाकू देत नव्हते. आमची विहीर वेगळी होती, ती आधी आटली. टँकर सरकारी, म्हणून ओळ एकच लावावी लागली. सगळं गाव एका ओळीत, असं पहिल्यांदाच होत होतं. पण बौद्धवाड्यातल्या बाईने दगड ठेवला की तो सकाळी शेपटाला गेलेला असायचा. तोंडाने कुणी काही म्हणायचं नाही. नुसता पाय. पाणी आमच्यापर्यंत येईस्तोवर टँकरच्या तळाचा गाळ यायचा. मग एकदा कामावरून येताना आत्याने एक तोंड टोपल्यात घालून आणलं आणि नंबरला ठेवलं. सकाळी ते जागच्या जागी होतं.

"भंगलेला देव हाय. पुजायला चालत न्हाई, म्हणून कुणी घरी नेत न्हाई," ती म्हणाली. "आन्‌ देव हाय, म्हणून कुणी लाथ मारत न्हाई. आपल्याला काय, आपल्याला तर दगडच."

दादाच्या हातात पोस्टकार्ड होतं. घामाने त्याची कड मऊ पडली होती.

"ने की बापू," आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. "गाडी बोलाव, न्या समदे. जपून ठिवा. पर मग आमचा नंबर कोण धरल? तू येऊन बसतो का हितं?"

मी इतकी वर्षं ओळी लावत आले आहे, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला कोणत्याच कागदावर मांडता आलेलं नाही. तेव्हा तर मी नुसती त्या तोंडाकडे बघत होते. ज्या देवाने आमच्या आजीला पायरी चढू दिली नाही, त्याला आमची आत्या रोज उचलून पाण्याच्या रांगेत बसवत होती, आणि तो निमूट बसत होता. हसावं की काय करावं कळेना.

सकाळी "नीर बंतु, नीर बंतु" असा ओरडा झाला आणि गाव धावलं. पाणी आलं, असं कानडीत ओरडत होते, पण ते कुठल्याही भाषेत कळलं असतं. आत्या धावली नाही. ती चालत गेली. धक्काबुक्की सगळी साध्या दगडांच्या जागी होती. तोंडांच्या जागी बाया आपापल्या घागरी घेऊन शांत उभ्या होत्या. भरलेली घागर घेऊन ती घरी आली, पाणी गाळलं आणि पहिला तांब्या दादापुढे धरला. दादाने तो दोन्ही हातांनी घेतला. कण्हल्यासारखा आवाज करत, न थांबता प्यायला. मग खिशातलं पोस्टकार्ड काढून त्याने चुलीच्या फटीत सरकवलं. आत्याने त्यावर चहा ठेवला.

परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "शोभा, मी बरोबर केलं का गं?" मी दोन्ही पाठपिशव्यांचे पट्टे घट्ट करत होते. ते मनगट त्याने ढिगावर परत ठेवलं होतं.

यंदा लातूरला पाणी रेल्वेने आलं. टीव्हीवर ते डबे बघून मी दादाला फोन केला. तो आता निवृत्त होऊन तिथेच राहतो. तो म्हणाला, "आत्याकडे जाऊन येऊ या का?"

या वेळी मोटारीने गेलो. रस्ता गुळगुळीत आहे, वर डांबर आहे. कुठेतरी चाकाखाली त्या बांगड्या असतील, या विचाराने मी पाय वर उचलून घेतले, आणि दादा काचेबाहेर बघत राहिला. माळावर आता ढीगसुद्धा नाही. एक कुंपण आहे, गंजलेली निळी पाटी आहे आणि आत वाळकं गवत. देऊळ बघायला दूरवरून आलेलं एक तरुण जोडपं पाठीवर मोठ्या पिशव्या घेऊन पाटी वाचत होतं. त्यांनी आम्हाला विचारलं, "मंदिर कुठंय?" दादाने खाली रस्त्याकडे बोट केलं. त्यांना वाटलं, पुढे आहे. ती दोघं पुढे चालत गेली.

आत्या अंगणात बसली होती. आता तिला उठवत नाही, पण जीभ तशीच आहे. "नेले की रे ते दगड," तिने दादाला पहिली बातमी दिली. "लई वर्सं झाली. कुठली तरी गाडी आली. म्हणले, जपून ठिवतो. हितं काय आमी फेकून दिल्ते?"

दादा म्हणाला, "मी नव्हतं कळवलं हां, आत्या."

"मला ठावं हाय. तुजं कारड मीच जाळलं."

गावात नळ आले आहेत. नळाला पाणी नाही. म्हणून टँकर, म्हणून ओळ. ओळीत आता प्लास्टिकच्या घागरी, विटा, एक फुटलेलं हेल्मेट. आत्याच्या सुनेने मला ओळ दाखवायला नेलं. टँकर यायला वेळ होता. आमच्या वस्तीतल्या घागरींपुढे साधे दगड होते. मी सुटकेचा निःश्वास सोडला. एवढी वर्षं गेली, पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली, सून स्वतः अंगणवाडीत शिकवते. आता साधा दगड पुरतो, असं मला वाटलं.

मग मी पुढे होऊन बघितलं. प्रत्येक दगडावर चुन्याने दोन डोळे काढले होते.

तो माळावरचा पहिला धक्का, तो ओळीतला दुसरा, दोन्ही मिळून यापुढे लहान होते. "अजून?" मी सुनेला विचारलं. ती हसली, अंगणवाडीची बाई हसते तशी, समजूत घातल्यासारखी. "तोंडानं कुणी काही म्हणत न्हाई, ताई," ती म्हणाली. "सगळे जेवायला बी येतेत आमच्यात. पण दगड सकाळी शेपटाला जातो."

"आणि डोळे काढले की?"

"जात न्हाई."

परत आले तर आत्याने काही न विचारता कमरेची चंची सोडली. त्यातली चुन्याची डबी माझ्या हातावर ठेवली. "तुमी दोघं मुक्कामी हाव. दोन घागरी जास्ती लागतील. जा, एक नंबर धर."

मी ओळीच्या शेपटाला गेले. एक बरा दगड शोधला, बोटाने चुना लावून डोळे काढले. मला चित्र येत नाही. एक डोळा मोठा झाला, एक लहान, दोन्ही जरा तिरळे. माझ्या मागून एक माणूस आला, शर्ट खोचलेला, हातात कॅन, फोनवर बोलत. माझ्या दगडापाशी आला, तो मागे सारायला पाय पुढे केला आणि थांबला. फोनवरचं बोलणंही थांबलं. त्याने त्या वेड्यावाकड्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

मग त्याने आपला कॅन माझ्या दगडाच्या मागे ठेवला.